उजवीकडचा मासा

मी एक जुना मासा आहे, मित्रांनो. पाण्यातला नव्हे, चुन्याचा. लखनौच्या एका जुन्या चौकात शिरताना मोठी कमान लागते, तिच्या डाव्या खांद्यावर मी बसलोय. उजव्या खांद्यावर माझा जोडीदार होता. 'होता' म्हणतोय, हे ध्यानात ठेवा.

नवाबी काळात आम्हाला घडवलं. चुना, विटांची पूड, उडदाची डाळ, गूळ, बेलफळाचा गर असं सगळं कालवून कारागिरांनी आमचा एकेक खवला हाताने उठवला. चटकन वाळून तडकू नये म्हणून अंगावर ओली फडकी घालून आम्हाला जपलं. तोंडं अशी ठेवली की आम्ही दोघं सदा समोरासमोर. तेव्हापासून मी त्याच्याकडे बघत आलो. तसं बघायला चौकात काय कमी होतं? समोर नौबतखाना, तिथे पहाटे नगारे झडायचे. हकीमसाहेबांची हवेली, अत्तरवाल्यांची दुकानं, मधोमध विहीर. सत्तावन्न साली तोफा धडधडल्या, नौबतखान्याची एक बाजू ढासळली, पण आमचा खवलासुद्धा हलला नाही. आता त्या विहिरीवर फरशी टाकून स्कूटरी लावतात. नौबतखान्यात मोबाइलची कव्हरं विकतात.

मराठी कुठे शिकलास, असं विचाराल. वासंतीबाईंकडून! इथल्याच मानक नगरात राहणारे रेल्वेतले इंजिनियर चंद्रकांतराव, त्यांची ही बायको. महाराष्ट्रातून कोणी पाहुणा आला की बाईंनी त्याला आमच्यापुढे आणून उभं केलंच म्हणून समजा. गेली वीस वर्षं हेच. "हे आमचं लखनौ बरं का! आणि हे आमचे मासे!" पाहुणे मान वर करायचे, फोटो काढायचे आणि विचारायचे, "चिकनचे कुर्ते कुठे मिळतात हो?" तरी बाईंचं ते 'आमचे' ऐकून मला बरं वाटायचं. वेडा कुठला मी!

एका पावसाळ्यात जोडीदाराच्या पोटाला तडा गेला. पाणी आत मुरायला लागलं. मी समोरून बघत होतो, दुसरं करणार काय? मग हिवाळ्यात कोणी बडे लोक चौक बघायला येणार असं ठरलं, आणि ठेकेदाराची माणसं शिडी घेऊन आली. तड्यात सिमेंट थापू लागली. त्यावर गुलाबी ऑइलपेंट.

नशीब बघा, त्याच दिवशी वासंतीबाई नागपूरच्या नणंदेला, नयनाताईंना, चौक दाखवायला आल्या. बरोबर चंद्रकांतराव आणि कॉलेजात जाणारी मुलगी स्वरदा. चंद्रकांतरावांनी वर पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अरे, चुन्यावर सिमेंट कसलं लावतायत! पाणी आत कोंडणार. पुढच्या पावसात हा मासा खाली येतो बघ."

माझा जीव भांड्यात पडला. कोणाला तरी कळलं!

"तो पापा, भैया को बोल दो ना," स्वरदा म्हणाली.

"अगं, ते आपलं डिपार्टमेंट नाही."

"अहो, ठेकेदार तिथेच तर उभाय. दोन शब्द बोला की," वासंतीबाई म्हणाल्या.

"जाऊ दे ना. आपण बाहेरगावचे लोक. आज इथे, उद्या बदली. कशाला उगाच नाक खुपसायचं?"

बाईंनी माझ्या जोडीदाराकडे एकदा वर पाहिलं. मग म्हणाल्या, "हो, तेही खरंच. चला वन्सं, दुकानं बंद होतील."

आणि गेले! वीस वर्षं इथलं पाणी पिऊन ही माणसं एका मिनिटात बाहेरगावची झाली. मला इतका संताप आला, मित्रांनो, की तोंड उघडता आलं असतं तर त्या दिवशी मी अख्खा चौक डोक्यावर घेतला असता.

पुढच्या पावसाळ्यात, भर दुपारी, माझा जोडीदार कमानीवरून सुटला. फार आवाजही झाला नाही. खाली एका स्कूटरची सीट फाटली, तिच्यावरून मात्र तासभर भांडण चाललं. त्याचे तुकडे गोणीत भरून नेले. कुठे नेले ते कोणी विचारलं नाही. मी एवढा रडवेला कधी झालो नव्हतो.

आता तिथे फायबरचा मासा आहे. चकचकीत, पोटात निळा दिवा. शिवाय उलटा बसवलाय, तोंड रस्त्याकडे. माझ्यासमोर आता त्याची शेपटी असते.

परवा वासंतीबाई नवे पाहुणे घेऊन आल्या, बरोबर चंद्रकांतरावही. "हे आमचं लखनौ बरं का!"

"आणि हा डावीकडचा इतका मळका कसा गं?" पाहुणीने विचारलं.

"तोही बदलणार आहेत म्हणे. जोडी जुळायला नको का?"

माझ्याही पोटाला बारीक तडा गेलाय. चंद्रकांतरावांना तो दिसला. दिसलाच, कारण त्यांनी लगेच मोबाइल काढून त्यात डोकं घातलं.

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. जुनी वास्तू आवडत नसेल, तर खुशाल बघू नका. पण चारचौघांत तिला 'आमची' म्हणालात, तर तिला तडा जाईल त्या दिवशी बाहेरगावचे होऊ नका.