ड्रायव्हरबाईचा अंगठा

डेपोत तिला सगळे ताईच म्हणत, साहेबसुद्धा. पन्नाशी ओलांडलेली, भरल्या अंगाची, शहर बस चालवणारी बाई. समोरून ट्रक अंगावर आला तरी तिचा आवाज चढत नसे. पण त्या सकाळी उजव्या पायाचा अंगठा लालबुंद होऊन सुजला, नुसती चादर लागली तरी जीव कळवळला आणि तिच्या तोंडून "आई गं" निघालंच.

शेजारी राहणारा तिचा थोरला भाऊ, दादा, बघायला आला. त्याला गाउटचा, म्हणजे युरिक ॲसिड साठून सांधे सुजण्याचा, जुना त्रास. दुखणं हुबेहूब त्याच्यासारखंच होतं, पण तो हसला. हा पुरुषांचा आजार, तोही पिणाऱ्यांचा. तुला बूट चावला असेल, म्हणाला. ताईला पिणाऱ्यांचा आजार झालाय, हा विनोद त्याने डेपोतल्या फिटरला फोनवर ऐकवला. फिटरच्या तोंडात तीळ भिजत नाही. दुपारपर्यंत डेपोभर झालं, की ताई घेते.

ताई तोवर डॉक्टरीणबाईंकडे पोचली होती. त्यांनी सुईने सांध्यातलं पाणी काढून तपासलं आणि गाउटच निघाला. मग पाळी कधी गेली, रक्तदाबाला कोणती गोळी चालू आहे, घरात कुणाला आहे का, असं सगळं खोदून विचारलं. पाळी असते तोवर बाईच्या शरीरातलं एक संप्रेरक युरिक ॲसिड बाहेर टाकायला मदत करतं. ती गेली की ही मदतही आटते, असं त्यांनी समजावलं. त्यात वजन, रक्तदाब, भावाचा आजार आणि लघवी वाढवणारी ती गोळी.

"सगळी कारणं एकाच गाडीत चढली म्हणायची," ताई म्हणाली.

दारू तिने कधी चाखलीही नव्हती. मात्र प्रत्येक फेरीनंतर गोड थंड पेयाची बाटली ठरलेली. त्यालाही हातभार लागतो हे ऐकून तिला हसावं की रडावं कळेना. डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं, रक्तदाबाची गोळी बदलून दिली.

रजेचा अर्ज द्यायला ती लंगडत डेपोत गेली. साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि हळूच विषय काढला. बरी झालीस की चौकशीच्या खिडकीत बस; प्रवाशांच्या जिवाचा प्रश्न, लोक बोलतात. काय बोलतात ते मात्र त्यांच्या तोंडून निघेना. पण दादाच्या फोनवरून उठलेली कुजबुज फाटकातून येतानाच ताईच्या कानावर पडली होती. वर्षानुवर्षं एक ओरखडाही न आणता गाडी चालवली, त्याचं हे फळ!

ती उठली. बाहेर आवारात ड्यूटी बदलायला जमलेल्या ड्रायव्हरांमध्ये जाऊन उभी राहिली आणि दारूसाठी श्वास तपासायचं डेपोचं यंत्र मागून घेतलं. सगळ्यांदेखत फुंकलं. आकडा शून्य.

"मला गाउट झालाय," ती म्हणाली. "माझी पाळी गेली, म्हणून झालाय. वजन आहे, रक्तदाब आहे, भावाला आहे, म्हणून झालाय."

साहेब लगबगीने मागे आले. "ताई, हे असं चारचौघांत..."

"माझी दारू चारचौघांत चालली होती ना, साहेब? मग पाळी का कुजबुजायची?"

फिटर हातातला पाना पुसत राहिला.

"दुखतंय तोवर मी गाडीला हात लावणार नाही. ते मला कळतं," ती पुढे म्हणाली. "पण खिडकीत मी बसणार नाही. माझा मार्ग माझाच."

संध्याकाळी दादा खाली मान घालून आला. तिने त्याला माफी मागू दिली नाही. आधी फिटरला फोन लावायला लावला. आपलाच विनोद मागे घेताना दादा दोनदा अडखळला, ते ती मजेत ऐकत राहिली.

सूज उतरली. साहेबांनी चाचणी घ्यायचं ठरवलं, स्वतः मागच्या सीटवर बसले. ताईने भर बाजारातून गाडी अशी नेली, की उभ्या प्रवाशाचाही तोल जाऊ नये. ब्रेकवर पाय दाबताना अंगठा किंचित ठणकला. तिने तो ठणका कुणाला सांगितला नाही, डॉक्टरीणबाईंना मात्र सांगितला; त्यांनी पाय तपासून गाडी चालवायला हरकत नाही म्हटलं.

दुसऱ्या सकाळी जुन्याच मार्गाची पाटी लावून तिची बस फाटकाबाहेर पडली.