कडूबाईची बाज आणि चौघांचं केडर

मित्रांनो, कुरकुरतेय ती मीच, एक जुनी बाज. कोपरगावजवळच्या एका वाडीत सुताराने मला बाभळीतून घडवलं. चार पाय, चार दांड्या आणि मधे सुंभाची वीण, एवढाच माझा संसार.

१९७३ साली नर्स मरियमबाई वाडीतल्या चौघांना शिकवू लागल्या. दुखणाईत कसा उचलावा, अडलेली बाई कशी न्यावी, सगळं माझ्यावरच चालायचं. वहीत त्यांनी चौघांच्या नावांवर लिहिलं, ‘केडर’.

चौघांतली थोरली बनुबाई दचकली. "ह्ये काय वं बाई? आमाला फौजेत धाडता का काय?"

मरियमबाई हसल्या. "शब्द फौजेतलाच, पण मूळ फ्रेंच. त्यांनी तो इटलीकडून घेतला आणि त्याआधी लॅटिनमध्ये तो चौकोन होता. अर्थ, चौकट. फौजेत थोडी शिकलेली माणसं कायम ठेवतात आणि नवी भरती त्यांच्याभोवती विणतात. या बाजेचा सुंभ बदलतो, चौकट तीच राहते ना? तसं."

मी तर अशी फुशारले म्हणता! वाडी मात्र चौघांची टर उडवायची.

माघात एका सकाळी राहीबाईची सून कडूबाई अडली. मूल आडवं. मरियमबाई कोपरगावला गेलेल्या. दीड मैलावरच्या रस्त्याने उसाचे ट्रक जायचे, तिथवर तिला माझ्यावर निजवून पोचवायचं होतं. आमच्याकडे खांदा द्यायला कुणी मागे राहत नाही. वीस जण धावले, ढकलाढकली झाली, मी कलंडले. त्यात अंगवळणी पडलेली खोड बघा, प्रेत टेकवतात त्या विसाव्याच्या दगडापाशी सगळे थांबले आणि मला खाली ठेवू लागले!

"खबरदार!" बनुबाई कडाडली. "मढं हाय का ती? जित्ती हाय माझी कडू! व्हा बाजूला. आमी चौघं धरतो. तुमी चौघं शेजारनं चाला, म्या सांगंन तवा खांदा बदला. बाकीच्यांनी म्होरं पळा, ट्रक थांबवा!"

गलका थांबला. प्रत्येकाला आपलं काम कळलं. मी पाण्यातल्या होडीसारखी निघाले, एकदासुद्धा कलंडले नाही.

तिन्हीसांजेला कोपरगावच्या दवाखान्यातून निरोप आला, मुलगी झाली, मायलेकी सुखरूप! हुश्श! राहीबाई बनुबाईच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. मलाही रडता आलं असतं तर रडले असते. दुसऱ्या दिवशी टर उडवणारेच दारात उभे, "बनुबाई, आमाला बी शिकव की."

आता मी गोठ्यात आहे, माझ्यावर कोंबड्या बसतात. मित्रांनो, गावातली शिकलेली माणसं जपा, वेळ आल्यावर ती शोधून सापडत नाहीत. माझी काळजी केली नाहीत तरी चालेल. छे, खोटं कशाला बोलू? एक पाचर मारा बाबांनो, पाय लई हलतोय.