मागून दुसरी येते

बस थांब्यावरून हलताना दिसली तसा कल्पेश हात वर करून धावला. चार ढांगा टाकल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आई मागेच राहिली आहे. तोवर बस वळून दिसेनाशी झाली होती.

"गेली!" तो चरफडत परतला.

"जाव दे," त्याची आई, शांती, म्हणाली. करंजाड्याच्या त्या थांब्यावर ती मांडीवर पिशवी घेऊन ऐसपैस बसली होती. "मागून दुसरी येते."

आणि आलीच. कल्पेशचा घाम पुसून होतो न होतो तोच. अर्धी रिकामी, खिडकीची जागा आयती. गाडी गॅरेजमध्ये पडली म्हणून सकाळपासून घर डोक्यावर घेतलेल्या कल्पेशला हे जरा खट्टूच करून गेलं.

"काय मावशी, आहात कुठे?" कंडक्टरने तिकीट फाडायच्या आधीच विचारलं. "पूर्वी एक दिवसाआड असायचात. रुसलात की काय आमच्यावर?"

"पोरानं गाडी घेतली ना!"

हे ती सगळ्यांना असंच, मान ताठ करून सांगायची. एरवी ते ऐकून कल्पेशच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. आज त्याने खिडकीबाहेर पाहिलं.

गाडी दारात आली त्याच आठवड्यात त्याने आईला बजावलं होतं. "आता बसने जायचं नाही. लोक काय म्हणतील? मावशीकडे मी नेईन तुला, दर रविवारी." त्याने शब्द पाळला. एकही रविवार चुकवला नाही, आणि तेही तो चारचौघांत सांगायचा. पण पनवेलच्या कोळीवाड्यात सखूमावशीच्या गल्लीत गाडी शिरत नाही. तोंडाशी उभी केली की मागे रिक्षा खोळंबतात, लोक शिव्या घालतात. मग हा स्टिअरिंगला चिकटून बसायचा. थोड्या वेळाने एक हॉर्न, मग दुसरा, जरा लांब. आई चपला पायात सरकवत, पदर सावरत लगबगीने यायची.

"तुजी आठवण काढते ती. आत ये की," मागच्या वर्षी ती दोनतीनदा म्हणाली होती.

"पुढच्या रविवारी," असं तो म्हणाला होता. मग तिने म्हणणं सोडलं.

आज बसून राहायला गाडी नव्हती, म्हणून तो आत गेला.

खोलीत सुक्या मासळीचा जुना वास तसाच होता. याच मावशीने त्याला मासळीच्या पाटीशेजारी बसवून बाजारात सांभाळलं होतं, काटे काढून बोंबील भरवले होते. आता ती खाटेवर एवढीशी झाली होती. तिने शांतीचा हात धरून शेजारी बसवलं आणि कल्पेशकडे नुसतं पाहिलं, दारात उभ्या असलेल्या कुणाकडेही पाहावं तसं.

"हल्ली माणसं इसरते ती," आई हळूच म्हणाली. "तू बस."

तो कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला. शेजारच्या सुनेने चहा आणून ठेवला. दोघी बहिणी बोलू लागल्या. बोलणं कसलं, एकीने अर्धं म्हणायचं आणि दुसरीने हुंकार भरायचा. कुणाच्या तरी लग्नातल्या भांडणावरून मावशी एकदम खुदकन हसली. तिचं हसणं इतक्या वर्षांनी ऐकून कल्पेशही गालात हसला.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. मग दुसरा, जरा लांब.

मावशीचं हसू तिथेच थांबलं. तिने खाली वाकून चाचपत शांतीची पिशवी उचलली आणि तिच्या हातात कोंबली.

"उठ, शांते. उठ लवकर. तुजा पोरगा चिडंल."

आणि शांती उठली. एक पाय चपलेत गेलासुद्धा. मग तिची नजर कोपऱ्यातल्या स्टुलाकडे वळली आणि ती तशीच उभी राहिली.

कल्पेशला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. बहिणीने बहिणीला घालवून द्यावं, इतका धाक त्याच्या हॉर्नचा. आणि तो समजत होता, की आपण आईची सोय केली. किती रविवार त्याने असे अर्ध्यावर तोडले होते, आणि आता मावशीजवळ उरले होते तरी किती!

"तो नाय आला आज," शांती पुन्हा बसत म्हणाली. "मी बशीनं आली. पयल्यासारखी."

मावशीचा चेहरा सैलावला. मग तिचं लक्ष स्टुलाकडे गेलं.

"मंग ह्यो कोन?"

कल्पेशने आईकडे पाहिलं. शांतीने पिशवी पुन्हा खाटेखाली सारली, तोंडावरचा घाम पदराने टिपला.

"ह्यो?" ती म्हणाली. "बशीत व्हता. माज्यासंगं आला."

"बरा हाय," मावशी म्हणाली आणि चहाचा कप कल्पेशकडे सरकवला. "च्या घ्या. घाई नाय ना तुमाला?"

कप उचलताना चहा बशीत सांडला. घरात, ऑफिसात कधीच तोंडात न येणारी लहानपणची बोली त्याच्या तोंडून आपसूक निघाली.

"नाय," तो म्हणाला. "मागून दुसरी येते."