कुठे ठेवू, ते सांगा

मी काच बोलतेय. चष्म्याची नव्हे, खिडकीची तर मुळीच नव्हे. वीतभर रुंद, दोन बोटं जाड, गोल. मी दुर्बिणीचा आरसा व्हायची होते. व्हायची होते म्हणते, कारण झाले नाही.

आमचा चष्मेवाला तेव्हा तिशीतला होता. दिवसभर लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं धरून "आता कसं दिसतंय? आणि आता?" असं विचारून त्याचा जीव विटला होता. लोकांना समोरची पाटी वाचता यावी, यापलीकडे आपल्या हातून काही व्हावं असं त्याला वाटायचं. एक दिवस तो काचवाल्याकडून आम्हा दोघींना घेऊन आला. दोघी म्हणजे मी आणि माझी जोडीदारीण, एकाच लादीतून कापलेल्या.

दुकानाच्या मागच्या खोलीत त्यानं दगड भरून एक पिंप ठेवलं. त्यावर तिला पक्कं बसवलं आणि तिच्यावर मला ठेवलं. मध्ये कुरुंदाची, म्हणजे धार लावायच्या दगडाची पूड आणि थोडं पाणी. दुकान बंद झालं की दोन तास तो मला तिच्यावर पुढेमागे घासायचा आणि पिंपाभोवती गोल गोल फिरायचा. "घाण्याला जुंपलंय का तुम्हाला?" बायको दारात उभी राहून विचारायची. तो हसायचा, पण थांबायचा नाही.

या कामाची गंमत अशी, की वरची काच खोल होत जाते आणि खालची फुगत जाते. मी जेवढी आत गेले, तेवढीच ती वर आली. केसाचाही फरक नाही. माझ्या पोकळीत नेमकं मावेल असं या जगात एकच कुणी होतं, आणि ती रोज संध्याकाळी माझ्याखाली असायची.

पुडीचे सात डबे होते. पहिल्यात सगळ्यांत जाड, सातव्यात तोंडाला लावायच्या पावडरीइतकी बारीक. डबा बदलताना आधीच्या पुडीचा कणही मागे राहता कामा नये. तो कोपरापर्यंत हात धुवायचा, नखं कापायचा, फडकं वेगळं घ्यायचा. दीड वर्षानं आम्ही सातव्या डब्यावर आलो. आता घासण्याचा आवाजसुद्धा येत नव्हता. आणि एका संध्याकाळी 'कर्र' झालं. एकदाच.

त्यानं मला धुतलं, दिव्यासमोर धरलं. काठापासून मध्यापर्यंत ओरखडा. झालं होतं असं, की बायकोनं तेवढीच मदत म्हणून सगळी फडकी धुवून, वाळवून, घड्या घालून ठेवली होती. पहिल्या डब्याचं आणि सातव्याचं, एकाच बादलीत. त्याच्या ते लक्षात आलं, पण तो तिला एका शब्दानं बोलला नाही. मला ते तेव्हा फार आवडलं होतं. पुढे आवडेनासं झालं.

ओरखडा जाण्यासारखा होता. तिसऱ्या डब्यापर्यंत मागे जायचं आणि तिथून परत यायचं, सहा महिन्यांचं काम. तो म्हणाला, "ठेवू या आता. मग बघू." मला पेपरात गुंडाळून पुढे दुकानातल्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. माझी जोडीदारीण मागच्या खोलीतच राहिली. त्या खोलीचं दार आपोआप मिटायचं, म्हणून कुणीतरी तिला दाराला अडण म्हणून लावलं.

त्याला आता चौतीस वर्षं झाली.

मध्ये एकदा रंगकाम निघालं तेव्हा मी चार महिने पाण्याच्या भांड्यावर झाकण होते. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. दिवसातून दहा वेळा कुणाचा तरी हात लागायचा. मग परत ड्रॉवर.

गिऱ्हाइकं विचारायची, "काय, दुर्बीण कुठवर आली?" "होत आलंय," तो म्हणायचा, "वेळच मिळत नाही हो." मुलगी झाली, दुकान वाढलं, हे खरं. पण वेळ होता. सातला शटर पडायचं आणि आठपर्यंत तो खुर्चीत बसून सकाळी वाचलेला पेपर परत वाचायचा. मी हातभर अंतरावर होते. वर्षातून एकदा मला बाहेर काढायचा, ओरखड्यावरून अंगठा फिरवायचा, परत गुंडाळायचा. पुन्हा सातव्या डब्यावर यायचं आणि पुन्हा 'कर्र' झालं तर, याची त्याला भीती होती. टाकून द्यायचाही धीर नव्हता. 'होत आलंय' म्हणायला मी लागत होते ना.

मी आतून एकच म्हणायचे, करायचं तर कर बाबा, नाहीतर सोड. असं अधांतरी नको ठेवूस. फार एकटं वाटायचं. मागचं दार कुणी ढकललं की फरशीवर ती घासल्याचा आवाज यायचा, तेवढीच तिची खबर.

गेल्या महिन्यात दुकान मुलीनं हातात घेतलं. तीही चष्म्यांचंच शिकली आहे. एका दुपारी तिनं ड्रॉवर रिकामे करायला काढले. आई मदतीला आली होती, बाबा खुर्चीत बसले होते.

"बाबा, ही टाकायची की ठेवायची?"

"ठेव," तो वर न बघताच म्हणाला.

बायकोनं पेपर सोडवून मला हातात घेतलं. "नुसतं ठेव म्हणू नका. कुठे ठेवू, ते सांगा."

मग तीच म्हणाली, "फडकी मी धुतली होती. बादलीच्या तळाला रेती लागली हाताला, तेव्हाच कळलं मला. तुम्ही काहीतरी बोलाल म्हणून थांबले. एकदा रागावला असतात ना, तर दुसऱ्या दिवशी मीच फिरले असते त्या पिंपाभोवती."

"तुझ्यामुळे नाही गं राहिलं," तो म्हणाला. "सहा महिन्यांचं तर काम होतं. मीच बसलो नाही."

त्यानं मला घेतलं. हल्ली त्याचे हात थरथरतात. मुलगी पटकन म्हणाली, "मी आहे की, बाबा. तिसऱ्या डब्यापासून करू सुरुवात. उद्यापासून."

मी श्वास घेत असते तर तेव्हा रोखून धरला असता. त्यानं ओरखड्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "नको. हात तुझे लागणार, म्हणजे दुर्बीण तुझी होणार. तुला हवी असली तर तुझी नवी कर. माझी आता नाही होणार."

चौतीस वर्षं मीच 'सोड' म्हणत होते, आणि त्यानं सोडलं तेव्हा मला सोसवेना. फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

"काउंटरवर ठेव," तो बायकोला म्हणाला. "चष्मे ठेवायला होईल."

आता मी तिथे आहे. नवा चष्मा लावून बघताना लोक जुना काढून माझ्यात ठेवतात. कुणी विचारतं, ही कसली काच? तो दुकानात असला तर सांगतो, "दुर्बीण करायची होती. नाही झाली." मग पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. सात वाजले की दोघं फिरायला जातात.

तुमच्याही ड्रॉवरमध्ये कुणीतरी पेपरात गुंडाळलेलं असेल. त्याला बाहेर काढा. करायचं असेल तर आजच बसा, नसेल तर तोंडानं नाही म्हणा. आम्हाला दोन्ही चालतं. नुसतं ठेवू नका.

आणि दुकानात आलात तर माझं एक काम करा. मागच्या खोलीच्या दाराशी ती आहे. तिला कुणी काही सांगितलेलं नाही. मी आज ना उद्या परत येईन, असं तिला अजून वाटत असेल.