बॅटरी कुणी बदलली?

मित्रांनो, मी एक जुना मीटर आहे. घराचं वीजबिल वाढवणारा नव्हे. गाड्यांच्या गॅरेजात विजेचा जोर मोजणारा, तळहाताएवढा, काचेआड काटा असलेला. मला एक लाल आणि एक काळी अशा दोन तारा आहेत. त्यांची टोकं टेकवली की काटा खरं ते सांगतो.

कारखान्यातून मी थेट मिस्त्रींच्या हाती आलो. पहिली काही वर्षं माझा केवढा मान होता. मिस्त्री गिऱ्हाइकांना सांगायचे, "माझं नका ऐकू, याचं ऐका." काम झालं की मला मऊ फडक्यात गुंडाळायचे.

पुढे मिस्त्रींचा मेहुणा, म्हणजे त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ, स्वतःचं दुकान बुडाल्यावर गॅरेजात कामाला आला. हाताला चांगला, पण अबोल. मिस्त्रींचा स्वभाव पडला संशयी. पाना सापडला नाही की ते आधी मेहुण्याकडे बघत, मग बाकाखाली. पाना बाकाखालीच निघे. ती नजर मात्र मेहुण्याच्या मनात राहून जाई.

एका सकाळी नर्सबाई रागारागात गाडी घेऊन आल्या.

"नवी बॅटरी घातली तरी रडगाणं तेच, मिस्त्री. किल्ली फिरवली की नुसती कण्हत बसते. आज मला उशीर झाला आणि रात्रपाळीची मुलगी माझ्यापायी अडकून पडली." मग त्यांनी आवाज खाली आणला. "तुमच्या मेहुण्यानं बसवली होती ना? नवीच होती ना ती?"

मेहुणा पलीकडच्या गाडीत वाकला होता. त्याचे हात थांबले.

मला वाटलं, मिस्त्री त्याची बाजू घेतील. त्याऐवजी त्यांनी मला फडक्यातून काढलं आणि माझी टोकं बॅटरीला लावली. काटा साडेबारा व्होल्टच्या पुढे गेला. बॅटरी भरलेली होती. मिस्त्रींचा चेहरा उजळायला हवा होता. उलट त्यांनी माझ्या काचेवर टिचकी मारली.

"हाही बिघडला वाटतं."

आता माझ्यावरही संशय.

मग त्यांनी मेहुण्याला किल्ली फिरवायला लावली. इंजिन कण्हलं, पण काटा थोडासाच खाली आला. मरतुकडी बॅटरी अशा वेळी मान टाकते. हिनं टाकली नाही.

"बॅटरी चांगली असेल, तर वीज जाते कुठे?" नर्सबाईंनी विचारलं.

मिस्त्री विचारात पडले. त्यांनी माझं काळं टोक बॅटरीच्या उण्या टोकावर ठेवलं आणि लाल टोक इंजिनाच्या लोखंडाला लावलं. "विजेची वाट मोकळी असेल, तर इथे काटा हलताच कामा नये. फिरव परत."

काटा तीन व्होल्टपर्यंत चढला. मिस्त्रींनी बॅटरीतून इंजिनाकडे जाणारी जाड तार चाचपली. ती गरम लागली. टोकाचा बोल्ट सोडला, तर खाली हिरवट गंज. वीज तिथेच अडत होती. गंज घासून बोल्ट आवळला आणि इंजिन एका झटक्यात सुरू झालं.

"मी भलतंच बोलले, मनावर घेऊ नका," नर्सबाई मेहुण्याला म्हणाल्या आणि गेल्या.

मेहुणा हात पुसत उभा राहिला. "दाजी, त्या परक्या. तुम्ही का गप्प बसलात?"

मिस्त्री म्हणाले, "चुकलं माझं."

"तुमचा माझ्यावर भरवसा नाही, हे कळायला मला मीटर लागला नाही."

थोड्याच दिवसांत त्यानं दुसरीकडे काम धरलं. आता तो बहिणीला भेटायला येतो. मिस्त्री खुर्ची पुढे करतात, तो उभ्या उभ्या बोलून निघतो.

हल्ली गॅरेजात पडद्यावर आकडे दाखवणारं यंत्र आलंय. मी खणात नटबोल्टांखाली पडून असतो. माझ्या तारांना चिरा गेल्या आहेत, पोटातला सेल पाझरतो आहे. मित्रांनो, असं जुनं उपकरण घरात असेल, तर निदान त्याचा सेल काढून ठेवा.

आणि आपल्या माणसावर कुणी बोट दाखवलं, तर काटा काय म्हणतो याची वाट बघू नका. बॅटरीला मीटर लावावा. आपल्या माणसाच्या शेजारी आधी जाऊन उभं राहावं.