झाकण लावून काढलेले फोटो

खोटं बोलणारा माणूस तपशील फार देतो, हे मला निंबाने शिकवलं. निंबा म्हणजे माझा नवरा. आज रातपाळीला अमुक लूम धागा तोडते, तमुक कारागीर आला नाही, असं सगळं सांगून तो डबा घेऊन निघायचा. एका दिवाळीत मी फराळ घेऊन कारखान्यावर गेले, तर शेठ म्हणाला, "निंबा तर चार वर्षांपासून दिवसपाळीलाच आहे." उधन्याला त्याने दुसरं घर केलं होतं. सोनाली तेव्हा सहा वर्षांची होती. पुढे तो तिकडेच राहिला आणि मी सुरतेत, लिंबायतच्या दोन खोल्यांत पोरगी वाढवली.

त्यामुळे माझा होणारा जावई धर्मेंद्र मला फार तपशील द्यायला लागला, तेव्हा मी कान टवकारले.

स्थळ आणलं होतं माझ्या चुलतभावाने, उखाने. उखा रिक्षा चालवतो, त्यामुळे त्याला अख्ख्या सुरतेतली लग्नाची पोरं माहीत. धर्मेंद्र सुरतेजवळच्या सचिन गावी, कापड रंगवायच्या एका कारखान्यात रंग जुळवायच्या कामाला. पगार बरा, व्यसन नाही, घरी फक्त आई. पोरगी पायाळू आहे, पायाकडून जन्मलीय, हे मी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं. पायाळू माणसाला जमिनीतलं धन दिसतं असं आमच्याकडे म्हणतात, आणि त्या धनापायी अमावस्येला अशा पोरींचा बळी देतात, असंही म्हणतात. आधी दोन स्थळं एवढ्यावरून परत गेली होती. हा पोरगा मात्र हसला आणि म्हणाला, "मग काय झालं, मावशी?" सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मी टाकला नाही. इतक्या सहज कोणी हो म्हणत नाही.

दिवाळीनंतर साखरपुडा झाला. मी त्याला जेवायला बोलावलं, तर म्हणाला, त्या दिवशी जमणार नाही. पुढच्या महिन्यात साडीखरेदीचा दिवस काढला, तर पुन्हा तेच. मी कालनिर्णय काढून बघितलं. दोन्ही दिवस अमावस्येचे. कार्तिक आणि मार्गशीर्ष.

"आई, तो ताऱ्यांचे फोटो काढतो," सोनाली म्हणाली. "अमासला चांद नसतो, म्हणून जातो. सीधी बात आहे."

"कोणते तारे? कुठे आहेत तारे?" मी तिला हाताला धरून गच्चीवर नेलं. लिंबायतचं आकाश रात्री कसं असतं ते सांगायला नको. भगवं, धुरकट, आणि दोन-तीन टिकल्या. "दाखव."

मी वीस वर्षं कापड तपासायचं काम करते. खालून ट्यूबलाइट लावलेली मोठी काच असते, तिच्यावरून कापडाचा ताका सरकवायचा आणि तुटका धागा, तेलाचा डाग पकडायचा. जे दिसतं ते लिहायचं. दिसत नाही त्याला मी काय मानणार?

मग एकदा तो आला, तेव्हा त्याने फोनवर फोटो दाखवला. गुलाबी, जांभळा ढग, मध्ये ठिणग्या. "हा तेजोमेघ, मावशी. मृग नक्षत्रात आहे. आणि हा कृत्तिकांचा तारकागुच्छ." निळ्या धुरात सहा-सात थेंब. दिसायला सुंदर होतं, खोटं कशाला बोलू? पण रंगाच्या कारखान्यातला माणूस, त्याला गुलाबी करायला काय लागतं? मी फोन हातात घेतला आणि बोट पुढे सरकवलं. पुढचा फोटो काळा. त्याच्या पुढचा काळा. वीस-पंचवीस फोटो, नुसते काळेकुट्ट.

"हे काय?"

"ते झाकण लावून काढलेत, मावशी," तो घाईने म्हणाला आणि त्याने फोन परत घेतला. तेवढ्यात सोनालीने चहा आणला आणि विषय तिथेच राहिला.

झाकण लावून फोटो! रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. निंबाच्या थापांनासुद्धा काही शेंडाबुडखा असायचा.

राहिलेलं काम उखाने केलं. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला तो रात्री भाडं घेऊन गेला होता. "ताई, तुना जवाई माले चलथाणपुढे दिसना," तो आमच्या अहिराणीत म्हणाला. "उसना वावरकडे जाई ऱ्हायंता. कपायले लाल दिवा बांधेल व्हता. मी हाक मारी, पन त्यानी दखं नही." उखा हे हसत सांगत होता. मला हसू आलं नाही. अमावस्या, उसाचं रान, कपाळाला लाल दिवा आणि पायाळू सून. लहान पोराने जोडलं असतं तरी जुळलं असतं.

पौषातली अमावस्या आली. संध्याकाळी सोनाली दळण आणायला गेली, तेव्हा मी कपाट उघडलं, साखरपुड्याची अंगठी डबीतून काढली आणि पदराच्या टोकाला गच्च गाठ मारून बांधली. उखाला फोन केला. "आज अमावस शे. रिक्षा काढ आणि माले तठे ली चाल. जे काय शे ते मना डोयाखाल पाह्यसू, आणि अंगठी त्याना तोंडवर टाकसू."

चलथाणच्या साखर कारखान्याचा गोडसर, आंबूस वास मागे पडला. पुढे उसाच्या गाड्यांची रांग, मग तीही संपली. उखाने डांबरी सडकेवर रिक्षा बंद केली. आठ वाजले असतील, पण काळोख असा की स्वतःचा हात दिसेना. बांधावरून शंभर पावलं गेलो आणि मला तो दिवा दिसला. लाल, जमिनीलगत.

धर्मेंद्र उकिडवा बसला होता. समोर तीन पायांवर काहीतरी उभं केलेलं, त्याच्यावर काळं फडकं. कसलीशी बारीक घरघर चालू होती. तो तोंडातल्या तोंडात मोजत होता.

"ताई, घर चाल," उखा कुजबुजला. "माले काही बरं वाटत नही."

माझ्या अंगावर काटा आला होता, पण रागही तेवढाच होता. मी फोनची बॅटरी लावली आणि सरळ त्याच्या तोंडावर मारली.

"लाईट बंद करो! बंद!" तो ओरडला आणि दोन्ही हात पसरून त्या फडक्यापुढे आडवा झाला. बघा, म्हटलं, पकडला! मी आणखी जवळ गेले आणि फडकं ओढलं.

खाली कॅमेरा होता. जुना, पट्टा तुटलेला. घरघर त्याच्या खालच्या डबीची होती.

"मावशी? तुम्ही?" त्याने डोळे चोळले. मग त्याच्या तोंडून निघून गेलं, "दोन मिनिटांचा फोटो होता, गेला. आता परत नीट जुळवावं लागेल." त्याचा राग खरा होता. काम बिघडलेल्या माणसाचा राग मला ओळखता येतो, तो सोंगाने येत नाही.

तरी मी विरघळले नाही. "लाल दिवा कशाला?"

"पांढऱ्या उजेडाने डोळे दिपतात. मग अर्धा तास तारे दिसत नाहीत."

"आणि ही घरघर?"

"आकाश सरकतं ना, त्याच्याबरोबर कॅमेरा फिरवते ती. फडकं दवासाठी."

उत्तरं तयार होती. निंबाचीही तयार असायची. "दाखव मग तुझा गुलाबी ढग. फोनात नाही, वर."

त्याने माझ्या हातातली बॅटरी विझवली आणि आम्ही थांबलो. हळूहळू वर एवढं काही उगवलं की मी मान खाली घालायची विसरले. गावाकडे, लहानपणी खळ्यात झोपायचो, त्यानंतर असं आकाश मी बघितलंच नव्हतं. त्याने एका ओळीतले तीन तारे दाखवले आणि म्हणाला, "त्यांच्या खाली."

"खाली पुन्हा तीन बारके," मी म्हणाले. "त्यातला मधला फिसकटलाय. तेलाचा डाग कापडात पसरतो तसा."

"दिसला तुम्हाला?" तो एकदम लहान पोरासारखा खूश झाला. "तोच तो! रंग डोळ्याला दिसत नाही, उजेड कमी पडतो. कॅमेरा साठवत जातो. मी दिवसभर रंग करतो मावशी, पण हा मी केलेला नाही."

एक गोष्ट उरली होती. "सोनाली पायाळू आहे म्हटल्यावर तू हसलास का?"

"आईची कंबर धरते. पायाळू माणसाचा पाय लागला की उतरते म्हणतात ना? आई नेहमी म्हणायची, पायाळू सून आली तर रोज लाथ मारेल." उखा मागून फिसकन हसला.

मग धर्मेंद्रने खिशातून झाकण काढलं आणि कॅमेऱ्याला लावलं. खट्ट आवाज झाला.

"हे काय करतोस?"

"काळे फोटो. कॅमेऱ्याचे स्वतःचे ठिपके असतात, लाल, निळे. आकाशात नसतात, पण फोटोत येतात. म्हणून झाकण लावून तेवढाच वेळ फोटो काढायचा. त्यात जे दिसेल तो कॅमेऱ्याचा दोष. तो खऱ्या फोटोतून वजा करायचा. नाहीतर कळणार कसं, डाग तिकडचा की आपला?"

मी बांधावर बसले. माझ्याकडे नवीन पोरगी कामाला आली की पहिल्या दिवशी मी तिला हेच सांगते. ताका टाकण्याआधी रिकामी काच पेटवून बघ. काचेवरचा डाग कापडाच्या माथी मारायचा नाही. वीस वर्षं सांगतेय. इथे निंबाचा डाग काचेवर ठेवून मी ह्या पोराला तपासत होते, आणि मला त्याची लाज वाटली. माझा हात पदराच्या गाठीवर होता. तो मी हळूच काढून घेतला.

"थंडी आहे, लवकर जा घरी," एवढंच म्हणाले.

घरी दार उघडंच होतं. सोनाली जमिनीवर बसली होती, समोर डबी. उघडी, रिकामी. रडून झालेलं होतं.

"परत दिलीस?" तिने विचारलं.

धर्मेंद्रने काय केलं, तिथे काय होतं, हे तिने विचारलंच नाही. त्याच्याबद्दल तिला शंका नव्हती. तिला खात्री होती ती माझी, की आई गेली म्हणजे मोडूनच येणार.

मी तिच्याजवळ बसले आणि पदराचं टोक तिच्या हातात दिलं. दवाने गाठ आवळली होती. आधी तिने नखांनी ओढून बघितली, मग मी दात लावले. सुटायला बराच वेळ लागला.