आईच्या वासाचा डबा

ज्योतीची कड पिवळीच राहिली, हिरवी झाली नाही, आणि नखाएवढ्या तुकड्यातून मेणासारखा एक थेंब ओघळून फरशीवर पडला — म्हणजे माल चांगला आहे, डाव्या ढिगात जाऊ दे... त्यानं तुकडा फुंकरीनं विझवला आणि सवयीनं नाकाशी नेला. समोर निवडकाम करणाऱ्या बायका बघत होत्या म्हणून नेला. धुराची रेघ सरळ नाकात शिरली आणि आत काहीच झालं नाही. ‘मेणबत्तीचा वास,’ असं तो मोठ्यानं म्हणाला आणि गोणी डावीकडं सरकवली.

जुनं प्लास्टिक दळायचं, धुवायचं, वितळवायचं आणि त्याचा पुन्हा दाणा पाडायचा, हे इथलं काम. वेगळ्या जातीचा एक तुकडा चुकून गेला तरी सगळा घाणा नासतो, म्हणून प्रत्येक गोणीतला तुकडा पेटवून, हुंगून, जात सांगणारा माणूस लागतो. तो माणूस म्हणजे हा. मालक पाहुण्यांना घेऊन आला की याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, आम्हाला यंत्र कशाला हवंय, आमचं नाक आहे ना! ते नाक कधी गेलं हे त्याला नक्की सांगता आलं नसतं. एका सकाळी चहाला वास नव्हता, एवढंच. मग तो ज्योतीचा रंग बघायला शिकला, काजळी बघायला शिकला, आणि कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. बायकोलाही नाही. तिला निवांतपणे सांगू, असं म्हणता म्हणता तीच गेली.

कोपऱ्यात तिची गोणी होती. लेकीनं आज सकाळी माळा आवरला तेव्हा निघालेली — आइस्क्रीमचे पांढरे डबे, सगळे एका मापाचे, धुऊन, पुसून, एकात एक बसवलेले. तिनं जन्मात एक डबा टाकला नव्हता. तो चेष्टा करायचा, एक गुदाम मालकाचं आणि एक तुझं. त्यावर ती शांतपणे म्हणायची, ‘अहो, टाकून तरी कुठं जाणार आहेत ते? कुठंतरी असणारच ना. मग आपल्याकडं असू देत.’ कारखान्यामागच्या नाल्यात गवताच्या मुळांशी अडकलेल्या प्लास्टिकच्या कपच्या तो रोज बघत होता. पावसाळ्यात त्या निघून जायच्या, पण कुठं जायच्या... माळा मोकळा हवा म्हणून लेकीनं गोणी भरली, त्यानं सायकलला बांधली, आणि दळायला आणली. पोचतो न पोचतो तोच तिचा फोन आला होता.

“बाबा, डबे दळले नाहीत ना अजून?”

“नाही. का गं?”

“त्यातला एक मला हवाय. तो माळ्यावरचा नव्हता, चुकून गेला. त्याला आईचा वास येतो.”

“कसा दिसतो?”

“दिसायला सगळे सारखेच. वास घ्या की, कळेलच. तुमच्याइतकं कुणाला कळणार?”

तेव्हापासून तो त्या गोणीकडं पाठ करून काम करत होता. आता बायका पाणी प्यायला उठल्या तेव्हा त्यानं गोणी उपडी केली आणि उकिडवा बसून एकेक डबा तोंडाशी धरला. डोळे मिटून, ऊर भरेपर्यंत श्वास ओढला. यातल्या एकात ती आहे, माझ्या हातातच असेल कदाचित, आणि मी भिंतीसारखा बसलोय. लेकीला सांगावं का, की दळले गेले? रडेल आणि गप्प बसेल. पण मग घरात तिच्या आईचं काहीच उरणार नाही, आणि जे उरलं होतं ते मी माझ्या हातानं...

“काय हरवलं, भाऊ?” बायकांची मुकादम मागं उभी होती. सगळे तिला अक्का म्हणत.

“अक्का, एक काम आहे. यातल्या एका डब्याला हिचा... माझ्या लेकीच्या आईचा वास आहे म्हणे. बघता का जरा?”

“तुम्ही मला वास विचारताय?”

“सर्दी झालीय.”

“किती वर्षांची?” अक्का म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता शेजारी बसली. लाजेनं त्याचे कान तापले, पण ती डब्यांना भिडली होती. “हा नुसता. हाही नुसता. यात औषधं होती. हा लसणीचा...” मग एका डब्याशी तिचा हात थांबला. तिनं पुन्हा हुंगला, आणि त्याच्याकडं बघितलं.

“याला आपला वास येतोय.”

“आपला म्हणजे?”

“कारखान्याचा. प्लास्टिक वितळताना येतो ना, तोच. आणि सोड्याचा. कपडे धुवायचा सोडा होता का यात?”

होता. न्हाणीघराच्या कट्ट्यावर. त्याचे कपडे ती वेगळ्या बादलीत भिजवायची, तुमचा धूर वेगळा धुवावा लागतो म्हणायची, आणि त्या ओल्या हातानं डब्यातला सोडा घ्यायची — रोज, इतकी वर्षं. तोच हात लेकीच्या केसांतून फिरायचा. लेक त्या कुशीत तोंड खुपसून मोठी झाली, आणि तिला जो आईचा वास वाटला तो माझा होता, या भट्टीचा होता. लोकांनी टाकलेलं आपण पुन्हा कामाला लावतो याचा त्याला केवढा अभिमान होता. धूर छताच्या फटीतून वर जातो, संपला, असंच तो धरून चालला होता.

डॉक्टरनं बायकोच्या छातीचा फोटो उजेडाला धरून विचारलं होतं, या कुठल्या कारखान्यात कामाला होत्या का? आणि मी म्हणालो होतो, छे हो, कारखान्याचं तोंडही बघितलं नाही तिनं. ती शेजारीच बसली होती. खोकला रुमालात दाबून म्हणाली, ‘हो, मी घरीच असते.’ तिला ठाऊक होतं का? की माझा शब्द खाली पडू नये म्हणून... त्या धुरानंच झालं असं कोण सांगणार? आणि नाही झालं, हे तरी कोण सांगणार?

“भाऊ, हाच ना?” अक्कानं विचारलं.

“हाच.”

फोन पुन्हा वाजला. सापडला का, लेकीनं विचारलं. सापडला, तो म्हणाला.

“वास आहे ना अजून?”

“आहे,” तो म्हणाला. “आणतो संध्याकाळी.”

“कपडे बदलायला थांबू नका तिकडं. मी पाणी तापवून ठेवते, आल्या आल्या भिजत घालते.”

तिनं फोन ठेवला. तो डबा छातीशी धरून उभा राहिला. अंगातला शर्ट स्वच्छ होता, घडीची रेघ अजून मोडली नव्हती. बायको गेल्यावर हा आपल्याला धुतलेला मिळाला कसा, याचा त्यानं सकाळी विचारच केला नव्हता. मागं यंत्र सुरू झालं. त्याला इथं थांबवत नव्हतं, आणि घरी जायची भीती वाटत होती.